पाणंदीला कारखान्याची राख चालेल का?

प्रश्न : आमच्या पाणंदीत तळाला काळी माती आहे. दर उन्हाळ्यात मुरूम टाकतो, पावसाळा सरेपर्यंत तो दिसेनासा होतो. साखर कारखान्यात बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची राख फुकट मिळते. ती पसरून रोलर फिरवला तर रस्ता टिकेल का?
*(निपाणी भागातील शेतकरी)*

नुसत्या राखेने टिकणार नाही. तुमचा मुरूम वाहून जात नाही, तो खाली रुततो. काळी माती भिजली की लोण्यासारखी मऊ होते. वरून उसाच्या ट्रॉलीचे चाक दाबते, मुरूम खाली जातो आणि माती त्याच्या फटींतून वर येते. म्हणून इलाज मातीवर करायचा आहे. बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते, पण ती स्वतः काही धरून ठेवत नाही. ओलाव्यात चुन्याशी तिचा संयोग झाला तरच ती सिमेंटसारखी घट्ट होते.

आधी माती किती फुगते ते पाहा. वाळलेली माती 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून 10-10 ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्या. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल 100 मिलीपर्यंत भरा, हवेचे बुडबुडे ढवळून काढा आणि 24 तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे ती 10 मिलीवर आणि पाण्यात 16 मिलीवर बसली, तर फुगवटा 60 टक्के. 50 टक्क्यांच्या वर गेलेली माती जशीच्या तशी रस्त्याखाली ठेवू नये.

अशा मातीला साधारण 3 ते 5 टक्के विरवलेला चुना लागतो. नेमके प्रमाण, आणि सोबत राख किती, हे तुमच्या मातीचे नमुने चार दिवस पाण्यात भिजवून केलेल्या सीबीआर चाचणीवरूनच (माती किती भार पेलते ते सांगणारी चाचणी) ठरवा. बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत स्थापत्य विभागाकडे याची चौकशी करता येईल. अंदाज यावा म्हणून 4 टक्क्यांचा हिशेब देतो : 3 मीटर रुंद, 100 मीटर लांब, दाबून 15 सेंटिमीटरचा थर म्हणजे 45 घनमीटर. घनमीटरला 1.6 टन कोरडी माती धरली तर 72 टन. चुना 2,880 किलो, म्हणजे 25 किलोच्या सुमारे 115 गोण्या. एक गोणी अडीच चौरस मीटरला थोडी जास्तच पुरते. गोण्या आधी त्या अंतराने मांडून ठेवा आणि मगच फोडा, नाहीतर एकीकडे ढीग आणि दुसरीकडे नुसती माती राहते.

काम ऊसतोड संपल्यावर, वळवाच्या आधी करा. वरची मुळे-पालापाचोळा काढा, नांगरून रोटाव्हेटरने ढेकळे फोडा. निम्मा चुना मिसळून माती ओलसर करा, हलकी दाबून एक दिवस राहू द्या. दुसऱ्या दिवशी तीच चिकट माती भुसभुशीत झालेली दिसेल. मग उरलेला चुना आणि राख टाकून पुन्हा मिसळा व तीन तासांच्या आत रोलर मारून संपवा. पुढे सात दिवस थर ओला ठेवा आणि त्यावर बैलगाडीसुद्धा नको.

सगळ्यात जास्त फसगत खोलीची होते. वरून रंग एकसारखा दिसतो, पण चुना खाली पोचलेलाच नसतो. त्यासाठी मिसळून झाल्या झाल्या एक खड्डा काढा आणि त्याच्या भिंतीवर फिनॉल्फथॅलिनचे द्रावण फवारा. चुना जिथवर आहे तिथवर गुलाबी रंग चढतो. गुलाबी पट्टा 8 सेंटिमीटरवर थांबला, तर रोटाव्हेटर पुन्हा घाला.

राख घेताना मूठभर पाण्यात टाकून बघा. काळे, हलके कण खूप तरंगत असतील तर बगॅस नीट जळलेला नाही. अशी राख पाणी पिते आणि दाबली जात नाही. मळी (प्रेसमड) मिसळलेली राख तर मुळीच नको. तिच्यातले सेंद्रिय द्रव्य चुन्याचे काम बिघडवते आणि सल्फेट असेल तर थर उलट फुगतो. फाटक्या गोणीतला, हवा लागलेला चुनाही परत करा.

या थरावर मुरूम आणि खडी येतेच. मधोमध उंची कडेपेक्षा 6 सेंटिमीटर जास्त ठेवा आणि दोन्ही बाजूंना चर काढा. शेजारच्या उसाचे पाटाचे पाणी पाणंदीत सोडायचे नाही हे आधी भावकीत ठरवून घ्या. ते मुरत राहिले तर चुन्याचाही उपयोग होणार नाही.

प्रश्न : उद्यमबागेतल्या फौंड्रीची काळी वाळू भरावाला घेऊ का? *(बेळगाव तालुका)*

कोणती वाळू आहे ते आधी विचारा. बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) आणि कोळशाची पूड घातलेली मोल्डिंगची, म्हणजे साच्याची वाळू वेगळी आणि रेझिनने बांधलेली कोअरची, म्हणजे साच्यातल्या गाभ्याची वाळू वेगळी. रेझिनच्या वाळूतून फिनॉल पाण्यात उतरू शकतो. त्यामुळे निचऱ्याच्या पाण्याची तपासणी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असल्याशिवाय ती उचलू नका, आणि विहीर-ओढ्याजवळ तर टाकूच नका. मोल्डिंगच्या वाळूचे कण जवळपास एकाच मापाचे असतात, त्यामुळे ती एकटी चाकाखाली सरकते. चुंबकाने लोखंडाचे तुकडे काढून ती खडी आणि क्रशरच्या चुरीत मिसळावी लागते. मिश्रणातल्या बारीक भागाचा प्लॅस्टिसिटी इंडेक्स (चिकटपणा दाखवणारा आकडा) 6 च्या वर गेला की समजा बेंटोनाइट जास्त झाले, वाळूचा वाटा कमी करा.

प्रश्न : जांभ्याची खडी चालते का? *(खानापूर)*

खालच्या थराला चालते, पण चाचणी भिजवून करा. जांभा कोरडा असताना कणखर वाटतो आणि तुमच्याकडच्या पावसात भुगा होतो. ओल्या नमुन्याचे आघातमूल्य, म्हणजे ठोक्यांनी होणाऱ्या भुग्याचे प्रमाण, तळाच्या थराला 50, त्यावरच्या थराला 40 टक्क्यांपर्यंत चालते. एकाच खाणीत वरचा आणि खालचा दगड वेगळा निघतो, म्हणून दोन्हींचे नमुने द्या.

प्रश्न : ग्रामपंचायतीने गोळा केलेले प्लॅस्टिक रस्त्यात कसे घालतात? *(चिकोडी)*

ते फक्त डांबरी थरात जाते, मुरमाच्या पाणंदीत नाही. मदुराईचे प्रा. आर. वासुदेवन यांनी रूढ केलेल्या कोरड्या पद्धतीत पिशव्यांचे बारीक तुकडे सुमारे 160-170 अंश तापलेल्या खडीवर टाकतात. ते वितळून खडीला लेप बसतो, मग डांबर घालतात. प्रमाण डांबराच्या वजनाच्या 6 ते 8 टक्के. टनभर मिश्रणात 50 किलो डांबर असेल तर प्लॅस्टिक 3 ते 4 किलोच लागते. पिशव्या धुऊन, वाळवून द्या. पीव्हीसी, म्हणजे पाइप, वायरची आवरणे, फ्लेक्सचे फलक, गावातच वेगळे काढा. ते तापले की हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू सुटतो आणि तो प्लांटवरच्या कामगारांच्या छातीत जातो.