सातवा महिना चालू आहे. नर्सिंग ब्रा खरोखरच घ्याव्या लागतात का?

तुम्ही विचारले आहे की, सातवा महिना चालू आहे, घरातल्या अनुभवी बायका नर्सिंग ब्रा (पाजताना एकेका बाजूचा कप उघडता येतो अशी ब्रा) म्हणजे पैशांचा चुराडा आहे असे म्हणतात, आहेत त्याच ब्रा वर सरकवून दूध पाजता येते असेही सांगतात. तेव्हा त्या घ्याव्यात की नाही, आणि घ्यायच्या झाल्या तर किती. माझे उत्तर सरळ आहे: घ्या. बाळ होण्यापूर्वी दोन घ्या, त्याहून जास्त नकोत. आणि ‘वर सरकवून पाज’ हा सल्ला ज्यांनी दिला आहे, त्यांचे बाकी सगळे ऐका, पण एवढे ऐकू नका. मी इतक्या ठामपणे बोलते आहे, कारण हेच वाक्य २०१६ मध्ये माझ्या थोरल्या बहिणीने मला ऐकवले होते आणि मी ते मुकाट्याने मानले होते.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. दोन मुले तिने अंगावर पाजून वाढवलेली असल्यामुळे बाळंतपणाच्या बाबतीत घरात तिचा शब्द अखेरचा असे. मी आणायच्या वस्तूंची यादी केली होती, त्यातली नर्सिंग ब्राची ओळ तिने स्वतःच्या हाताने खोडली. “चार महिन्यांचं काम, त्यासाठी वेगळं काय घ्यायचं? आम्ही नाही पाजलं?” एवढे म्हणून तिने यादी माझ्या हातात परत दिली. मला वाद घालायचा नव्हता, आणि माझ्याजवळ घालण्यासारखा मुद्दाही नव्हता.

बाळ झाले. पहिले दोन दिवस चीक दूध थोडे थोडे येत होते, तोवर काहीच अडचण नव्हती. तिसऱ्या रात्री मात्र छाती भरून आली आणि सकाळपर्यंत दगडासारखी झाली. माझ्याजवळ होत्या त्या नेहमीच्या तारेच्या ब्रा; हूक शेवटच्या घरात अडकवूनही कप अपुरा पडत होता. ब्रा न घालता राहावे, तर दूध गळत होते आणि ते टिपणारे पॅड धरून ठेवायला अंगावर काहीतरी हवेच होते. शिवाय घरात सतत कुणी ना कुणी येत-जात असल्यामुळे मला संकोच वाटे. तेव्हा तीच ब्रा घालायची आणि पाजण्याच्या वेळी वर ढकलायची, असे सुरू झाले.

ज्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटते त्यांना कळावे म्हणून, वर ढकलायची म्हणजे नेमके काय करायचे ते सविस्तर सांगते. डाव्या हातावर बाळाचे डोके घ्यायचे आणि उजव्या हाताने ब्रा खालून धरून वर उचलायची. पट्टा आणि कप मिळून गळ्याखाली एक वळकटी तयार होते आणि तार स्तनाच्या वरच्या भागावर आडवी बसते. हात काढला की ती वळकटी घसरून बाळाच्या नाकावर येते; म्हणून बाळाचे पोट भरेपर्यंत, तीस-चाळीस मिनिटे, तो हात तिथेच ठेवावा लागतो. एवढे करून दुसरी बाजूही उघडी पडलेली असते. बाळ ओढू लागले की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तातून दोन्हीकडे पोहोचते आणि पान्हा दोन्ही बाजूंना एकदम फुटतो. त्यामुळे बाळ एकीकडे पीत असे आणि दुसरीकडचे दूध त्याच्या पायांवर ठिबकत असे. रात्रीतून दोनदा दुपटे बदलावे लागे.

नवव्या दिवशी आंघोळीला गेले तेव्हा आरशात दिसले की, उजव्या स्तनावर वरच्या बाजूला कमानीसारखा एक तांबडा वळ उमटला आहे. बोट फिरवले तर खाच लागत होती. शेवटचे पाजून तेव्हा तासभर तरी होऊन गेला होता. अकराव्या रात्री थंडी वाजून ताप भरला, १०२ पर्यंत गेला. त्याच बाजूला काखेकडे तीन बोटे रुंद लाल पट्टा आला होता आणि तिथे कपड्याचा स्पर्शही सहन होत नव्हता. ताईने गरम पाण्याचा शेक दिला आणि ‘गाठ फोडायलाच हवी’ म्हणून अंगठ्याने ती जागा दाबून रगडली. तिने ते मायेनेच केले, पण त्या वेदनेची आठवण आजही अंगावर काटा आणते. सकाळी डॉक्टरांनी स्तनदाह झाल्याचे सांगितले, प्रतिजैविके दिली आणि दोन्ही बाजूंनी पाजणे थांबवू नका असे बजावले. चार-पाच दिवसांत ताप आणि लाली गेली. त्या चार-पाच दिवसांत अंगावरचे बंद करून वरचे दूध सुरू करावे, हा विचार माझ्या मनात किती वेळा आला, ते मोजलेले नाही.

त्या काळी शेकणे आणि रगडणे हा सर्रास सांगितला जाणारा उपाय होता, हे खरे आहे. ‘ॲकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ या स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेने २०२२ मध्ये स्तनदाहाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे नव्याने मांडली. त्यांत जोर लावून मालीश करू नये, कारण त्याने आतली सूज वाढते; थंड शेक द्यावा; बाळ मागेल तेवढेच पाजावे आणि स्तन रिकामा करण्यासाठी मुद्दाम जास्तीचे दूध काढत बसू नये, असे सांगितले आहे. मापाची, आधार देणारी ब्रा घालावी हेही त्यांत आहे. मी ते वाचले तेव्हा ताईला वाचून दाखवले. रगडण्याबद्दल तिने चूक मान्य केली. ब्राबद्दल मात्र नाही.

ती आजवर एकच म्हणत आली आहे: “ब्रामुळे काही झालं नाही. बाळाची पकडच नीट नव्हती. तुला पाजता येत नव्हतं.” यातला अर्धा भाग खरा आहे आणि म्हणूनच तो मला जास्त लागतो. पकड खरोखरच चुकत होती. स्तनपान समुपदेशक बाईंनी पंधराव्या दिवशी मला पाजताना पाहिले, तेव्हा बाळाच्या तोंडात नुसते स्तनाग्र होते, भोवतीचा काळा भाग जवळजवळ सगळा बाहेर होता. दोन्ही बाजूंना चिरा पडल्या होत्या. पण त्या बाईंनी सर्वात आधी काय सांगितले असेल, तर ती ब्रा काढून ठेवा. मग एका हाताने बाळाच्या मानेला आणि दुसऱ्या हाताने स्तनाला खालून आधार द्यायला लावला, बाळाने जांभई दिल्यासारखे तोंड उघडेपर्यंत थांबायला सांगितले, आणि आपण वाकण्याऐवजी बाळाला छातीशी आणायला शिकवले, ते असे की हनुवटी आधी टेकेल आणि खालचा ओठ बाहेर वळलेला राहील. पाचव्या की सहाव्या प्रयत्नाला ते जमले, आणि बाळाच्या गिळण्याचा आवाज मला पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला. दोन दिवसांत चिरा भरू लागल्या.

म्हणजे पकड का चुकत होती? जो हात स्तनाला द्यायचा, तो ब्रा उचलून धरण्यात अडकला होता. वळकटी नाकावर येऊ नये म्हणून मी बाळाचे डोके मागे धरत होते, आणि डोके मागे गेले की तोंडात फक्त टोक राहते. एवढी साधी गोष्ट पंधरा दिवस ना मला दिसली, ना ताईला. पहिले काही आठवडे बाळ आणि आई दोघेही शिकत असतात. त्या दिवसांत दोन्ही हात मोकळे असणे हाच नर्सिंग ब्राचा खरा उपयोग आहे. वेष्टनावर बाकी काहीही लिहिलेले असले तरी त्याला फारसे महत्त्व देऊ नका.

‘चार महिन्यांचं काम’ या हिशेबाबद्दलही बोलते. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि पुढे इतर अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पिते. सरासरी दहा वेळा धरले तरी पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे १८०० वेळा ती ब्रा उघडायची आणि बंद करायची आहे, त्यातली कितीतरी वेळा अंधारात आणि अर्धवट झोपेत. इतक्या वेळा वापरायची वस्तू धड असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

२०२३ मध्ये दुसऱ्या बाळाच्या वेळी मी कुणालाही न विचारता दोन आणल्या. खांद्याच्या पट्ट्यावर, कपाच्या वरच्या टोकाशी क्लिप असते. अंगठ्याने ती वर उचलली की त्या बाजूचा कप खाली पडतो, दुसरी बाजू झाकलेली राहते आणि तिथला पॅडही जागेवर राहतो. उघडणे सोपे असते, बंद करणे नाही. तेव्हा घेण्याआधी घालून पाहा आणि डोळे मिटून एका हाताने क्लिप परत लावता येते का ते तपासा. दुसरी गोष्ट, कप खाली केल्यावर आत कापडाची एक चौकट उरते. काही ब्रांमध्ये ती इतकी अरुंद आणि घट्ट असते की स्तन तिच्यातून ओढून काढावा लागतो आणि तिची कड चोहोबाजूंनी रुतते. तशी असेल तर नाव नर्सिंग ब्रा असले तरी घेऊ नका, कारण ती त्या तारेपेक्षा फार वेगळी नाही.

मापाची घाई सातव्या महिन्यात करू नका. आठवा संपत आला की घ्या. तोवर बरगड्यांचा पिंजरा रुंदावलेला असतो आणि बाळंतपणानंतर तो पुन्हा आत येतो. म्हणून त्या वेळी छातीभोवतीचा पट्टा सर्वात बाहेरच्या हुकात नीट बसेल असा निवडावा, म्हणजे पुढे आत घेता येतो. कपात थोडी जागा सुटलीच पाहिजे. दूध उतरल्यावर ती भरून जाते. साधारण सहा आठवड्यांनी बाळाच्या मागणीप्रमाणे दूध तयार होण्याचा मेळ बसतो, सूज उतरते आणि खरे माप तेव्हा कळते. तिसरी ब्रा घ्यायची असेल तर तेव्हा घ्या. एक अंगावर आणि एक धुण्यात, इतके सुरुवातीला पुरते. पॅड ओला झाला की लगेच बदला, ओला तसाच ठेवला तर कातडी नरम पडून सोलवटते.

आता थोडे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारेही सांगायला हवे. माझा स्तनदाह त्या तारेमुळेच झाला, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. चिरा, चुकलेली पकड, पाजण्यात पडलेले लांब अंतर, यांपैकी कशानेही तो होतो आणि माझ्याकडे पहिल्या दोन गोष्टी होत्याच. ताईचा अनुभवही खोटा नव्हता; तिची छाती लहान होती, ती घरात ब्रा घालतच नसे आणि सैल, पुढून उघडणारे कपडे वापरत असे, त्यामुळे तिचे दोन्ही हात आपोआप मोकळे होते. तुमचेही तसेच असेल तर तुम्हाला एकही लागणार नाही. मऊ, बिनतारेची, एक माप मोठी आणि बाजूला सरकवता येणारी साधी, ताणली जाणारी ब्राही तेच काम करते. तिच्यावर नर्सिंग हा शब्द नसला तरी बिघडत नाही. फक्त व्यायामाच्या आवळ ब्रा या कामासाठी वापरू नका. स्तन ओघळू नयेत म्हणून ही ब्रा घ्या असे कुणी सांगितले, तर ते कारण मनावर घेऊ नका. आकारात पडणारा फरक मुख्यतः गरोदरपणामुळे आणि वयामुळे पडतो, आणि ब्राने तो टळत नाही. आणि ब्रा कोणतीही असो, लाल पट्टा आणि ताप दिसला तर दिवसभराच्या आत डॉक्टरांना दाखवा. गाठ कुणालाही रगडू देऊ नका.

हे सगळे आज लिहायला बसले त्याचे कारण, ताईच्या मुलीलाही सध्या सातवा महिना आहे. गेल्या आठवड्यात तिने फोनवर मला हाच प्रश्न विचारला आणि मागून ताईचा आवाज आला, “काही लागत नाही गं.” मी तिला म्हटले, आईला फोन दे. ताईला एवढेच विचारले की, पाजताना तुझा दुसरा हात कुठे असायचा? ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “बाळाच्या पाठीवर.” मी म्हटले, माझा नव्हता. आठवा संपत आला की भाचीचे माप घ्यायला ती स्वतः बरोबर येणार आहे.