शेततळ्याचं पाणी: किती गुंठे कांदा, किती गुंठे हरभरा?

प्रश्न (सिन्नर तालुक्यातील शेतकरी): दोन एकर रान आहे. 30×30×3 मीटरचं अस्तराचं शेततळं भरलंय, विहीर जानेवारीत आटते. पूर्ण दोन एकर उन्हाळ कांदा लावू का? पाणी कमी पडलं तर टँकर घेऊ का?

उत्तर: दादा, दोन एकर कांदा या पाण्यावर निघणार नाही. तुमच्या तळ्यात, बाजूंचा उतार धरून, काठोकाठ 2196 घनमीटर पाणी मावतं. मार्चपर्यंतचं बाष्पीभवन आणि तळाचा गाळ धरून 600 वजा करा. हाती राहतं 1600 घनमीटर, म्हणजे 16 लाख लिटर. ठिबकवर एकरभर कांद्याला जवळपास एवढंच लागतं. हरभऱ्याला दोन पाण्यांत एकरी 500 घनमीटर पुरे.

तुम्ही कळवलेला निव्वळ नफा कांद्याला एकरी 48,000 आणि हरभऱ्याला 18,000 रुपये आहे. एकराच्या हिशेबात कांदा कितीतरी पुढे दिसतो. पण तुमच्याकडे रान जास्त आणि पाणी कमी, म्हणून हिशेब पाण्याचा करा. 100 घनमीटर पाण्यामागे कांदा 3,000 रुपये देतो, हरभरा 3,600.

मग सगळा हरभराच का नको? कारण दोन एकर हरभऱ्यातून 36,000 मिळतील आणि 600 घनमीटर पाणी तळ्यात पडून राहील. उलट एकच एकर कांदा केला तर 48,000 मिळतील, पण एक एकर पडीक राहील. दोन्ही मर्यादा एकदम मांडल्या की उत्तर मधे येतं: साधारण 21 गुंठे कांदा आणि 59 गुंठे हरभरा. नफा सुमारे 51,750 रुपये. या गणिताला रेषीय नियोजन म्हणतात. रशियाचे गणितज्ञ कांटोरोविच यांनी ते 1939 मध्ये कारखान्यासाठी मांडलं होतं. शेतीला ते तितकंच लागू पडतं, आणि दोन पिकांपुरतं तर वहीच्या पानावर सुटतं.

भाव हलला तर? कांद्याचा नफा एकरी 57,600 च्या वर जाईल अशी खात्री असेल, तरच सगळं पाणी एक एकर कांद्याला द्या. त्याखाली, हरभऱ्याच्या 18,000 पर्यंत, हीच वाटणी चांगली. कांद्याचे भाव कसे कोसळतात ते तुम्ही भोगलंय, म्हणून मी स्वतः हरभऱ्याचा वाटा कमी करणार नाही.

आता टँकर. या वाटणीत आणखी 100 घनमीटर पाणी मिळालं, तर थोडा हरभरा कमी करून तेवढा कांदा वाढवता येतो आणि नफा सुमारे 2,700 रुपयांनी वाढतो. म्हणजे 10 हजार लिटरच्या टँकरचं मोल तुमच्या रानात 270 रुपये. टँकर त्याहून महाग पडत असेल, तर घेऊ नका. त्यापेक्षा अस्तराची भोकं आधी बुजवा. तिथून गळणाऱ्या पाण्याचं मोलही तेवढंच आहे.

हरभरा 10 नोव्हेंबरच्या आत पेरा. पहिलं पाणी 30-35 दिवसांनी फुलोऱ्याच्या तोंडावर, दुसरं 60-65 दिवसांनी घाटे भरताना द्या. कांद्याची लागण करण्यापूर्वी तळ्यातली पातळी काठीने मोजून मला कळवा. पाणी 1600 पेक्षा कमी भरलं, तर कांद्याचे गुंठे पुन्हा काढून देतो.