पॅरिसच्या बाहेर गावं वसवली, पण जमीनवाले दलाल गप्प कसे बसले?

प्रश्न : आमच्या म्हापशाकडे नुसती कुणकुण लागली की इथून रस्ता जाणार, की शेताचा भाव दुप्पट. फ्रान्समध्ये म्हणे सरकारने अख्खी नवी शहरं प्लॅन करून वसवली, मग तिथे असं झालं नाही का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : झालं असतंच की, पण त्यांनी आधीच बंदोबस्त केला. 1962 साली कायदा आणला, ठरावीक पट्टा जाहीर करायचा आणि तिथे कोणी जमीन विकायला काढली की पहिला हक्क सरकारचा, आणि भाव पटला नाही तर कोर्ट ठरवणार, म्हणजे प्लॅनची बातमी फुटून वाढलेला भाव द्यायचा नाही. मग 1965 मध्ये पॅरिस परिसराचा कारभार बघणारे सरकारी अधिकारी पॉल दलुव्रिए यांचा त्या परिसराचा आराखडा आला, त्यातून सर्जी-पोंतुआज, एव्री वगैरे पाच नवी शहरं उभी राहिली, शिवाय शहराला जोडणारी फास्ट रेल्वे.

ह्याच्या मागे 1946 चं झाँ मोने यांचं योजना मंडळ. कोळसा, वीज, पोलाद, सिमेंट आधी, बाकी नंतर. आपल्या पंचवार्षिक योजनेसारखंच वाटतं, पण खाजगी कंपन्यांवर सक्ती नव्हती, मालक-कामगार-अधिकारी एका टेबलावर बसवून आकडे ठरवायचे आणि सरकारी कर्जाचं गाजर दाखवायचं.

सगळं गोडच होतं असं नाही हां, गावांना विचारत कोण होतं! बांधकाम परवाने नगराध्यक्षांच्या हातात आले ते 1980 च्या दशकात, आणि तेही गावाचा मंजूर आराखडा असेल तरच. आपल्या पंचायतींनी हा भाग जरा नीट वाचावा.