लेकराबाळांसह घरगुती उपासना: विक्रोळीतला आमचा अनुभव

सलाम ताई,

तुम्ही लिहिलंय की चर्च भायखळ्याला, घर भांडुपला, रविवारी मेगाब्लॉक, कडेवर दोन वर्षांचं लेकरू आणि सासूबाईंना जिना चढवत नाही. म्हणून जवळपासच्या चार-पाच घरांनी मुलाबाळांसकट मोकळेपणाने जमावं असं वाटतंय, पण सुरुवात कशी करायची ते कळत नाही. आम्ही विक्रोळीत नऊ वर्षं हे करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवू नका. माझं मुख्य सांगणं हेच. सुरुवातीला आम्ही नेमकं उलट केलं. हॉल घेतला, खुर्च्यांच्या रांगा लावल्या, माईक आणला, पाऊण तासाचा संदेश, म्हणजे प्रवचन, ठेवला. मुलांना रंगवायला कागद देऊन आतल्या खोलीत बसवलं. चौथ्या महिन्यात आया आत मुलांपाशी आणि बाहेर सहा पुरुष, अशी उपासना चालली होती. ज्यांच्यासाठी सुरू केलं तेच भिंतीपलीकडे बसले होते. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मग पाळकसाहेबांशी बोललो. त्यांनी इंग्लंडमधल्या ‘मेसी चर्च’बद्दल सांगितलं. २००४ साली पोर्ट्समथजवळच्या काउप्लेनमध्ये एका चर्चने ते सुरू केलं: महिन्यातून एकदा लहानमोठ्यांनी मिळून हातांनी काहीतरी करायचं, मग थोडा वेळ उपासना, मग एकत्र जेवण. चाल चांगली आहे, पण आपल्याला ती काही परकी नाही. प्रिस्का आणि अक्विला या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती जोडप्याच्या घरी मंडळी, म्हणजे विश्वासणारे, उपासनेला जमत, हे बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात आहेच. आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तकथा कीर्तनातून सांगितली. कीर्तनाला आजीच्या मांडीवर नातू असायचाच, त्याला कोणी उठवून आत पाठवत नसे.

आता आमचा एक शनिवार सांगते. दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, खमिराचा; मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १३वा अध्याय. साडेपाचला सगळे जमले की जमिनीवर चादर, मधे परात. चार वाट्या कणीक, चमचाभर यीस्ट, थोडी साखर, मीठ, कोमट पाणी. मुलं, बाबा, आजी सगळ्यांचे हात परातीत. गोळा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचा आणि मग पेटीवर दोन गीतं, दाखला वाचणं, प्रार्थना. मुंबईच्या उकाड्यात तासाभराच्या आत पीठ फुगून वर येतं. फडकं काढलं तेव्हा पहिलीतली एक मुलगी म्हणाली, “आपण गात होतो तेव्हा हे आत काम करत होतं.” त्यावर पाळकसाहेब पुढे काही बोललेच नाहीत. त्याच पिठाच्या जाडसर भाकऱ्या झाकण ठेवून तव्यावर भाजल्या आणि वाटाण्याच्या उसळीबरोबर खाल्ल्या. खाणं म्हणजे उपासनेनंतरचा अल्पोपहार असं समजू नका. बोलायला लाजणारे लोक ताटावर बसले की बोलतात. मुलाची नोकरी गेल्याचं एका काकांनी भाकरी मोडतानाच सांगितलं.

संदेश दहा मिनिटांच्या वर नको. मूल रडलं, धावलं, तर धावू दे. आईकडे वळून बघायचं नाही, एवढं मोठ्यांना आधी सांगून ठेवा.

पाळकसाहेबांना सुरुवातीलाच विश्वासात घ्या. आम्ही महिन्यातला दुसरा शनिवार धरला, रविवार मुद्दाम मोकळा ठेवला. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) चर्चमध्येच. त्यामुळे “वेगळी मंडळी काढताय का” हा प्रश्न उठला नाही, उलट पुष्कळ दिवस न दिसलेली दोन घरं पुन्हा रविवारी चर्चला येऊ लागली.

सोसायटीचं म्हणाल तर घरात चार पाहुणे जमायला कोणाची हरकत नसते, पण हॉल हवा असेल तर सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि वेळ स्पष्ट लिहा. माईक नकोच. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि पेटी-खंजिरीने खोली भरून जाते. आठला आवरा.

शेजारची मुलं खिडकीशी येतात, विशेषतः खाण्याचा वास सुटला की. आई किंवा बाबा सोबत असतील, त्यांना इथे काय चालतं ते माहीत असेल, तरच आत घ्यायचं असं आम्ही ठरवलंय. शेजाऱ्यांच्या विश्वासाला धक्का लागेल असं काही करायचं नाही. आपल्याही मुलांबाबत एक नियम पक्का: एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल, असं कुठेही नको, ओळखीचा असला तरी. याबाबत मी कोणाचा संकोच ठेवत नाही.

दानाची थाळी फिरवू नका. कणीक, वाटाणे, गॅस घरं वाटून घेतात. जो खर्च होतो तो वहीत लिहून ती वही सगळ्यांसमोर ठेवतो.

सासूबाईंना खुर्चीवर बसवून नुसतं बघायला लावू नका. मळायचं काम त्यांच्याकडे द्या, मुलं आपोआप त्यांच्याभोवती बसतील. तळमजल्यावर कोणाचं घर असेल तर पहिली सभा तिथे घ्या. तारीख ठरली की कळवा; पेटी वाजवणारं कोणी नसेल तर आमच्याकडचा एक मुलगा शनिवारी भांडुपला येऊ शकेल.