चोविसाव्या वर्षी पॅप स्मिअर करू का?

तुला काही त्रास नाही, तर घाई नको. पण विषय सोडूही नको गं.

आधी एवढं समजून घे. पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन कॅन्सरआधीचे बदल शोधायची तपासणी. एचपीव्ही या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूचा संसर्ग तरुण वयात खूप जणींना होतो आणि बहुतेकींचा एक-दोन वर्षांत आपोआप जातो. त्यातून गर्भाशयमुखाचा कॅन्सर व्हायला सहसा १५-२० वर्षं लागतात. फार लवकर तपासलं, तर आपणहून बरं होणाऱ्या गोष्टीचीच धास्ती लागते, कधी नको ते उपचारही होतात. म्हणून आपल्या सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ हे वय धरलंय. खासगीत बरेच डॉक्टर २५ पासून सुचवतात. शरीरसंबंध कधीच आले नसतील, तर आत्ता सहसा गरज नसते. एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर मात्र लगेच डॉक्टरला विचार.

मुली चुकतात त्या इथे:

- संबंधांनंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं, तरी 'अजून वय नाही' म्हणून थांबतात. अशा वेळी वय बघायचंच नाही, थेट डॉक्टरकडे जायचं.
- लग्न झालेलं नाही म्हणून डॉक्टरला खरं सांगत नाहीत. सल्ला त्यावरच ठरतो, तेव्हा सांग.
- एचपीव्हीची लस घेतली की तपासणी नको, असं धरतात. पुढे तपासणी लागतेच.

लसीचं मात्र आत्ताच विचार. संबंध येण्याआधी तिचा फायदा सगळ्यात जास्त.

नागपुरात मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी रुग्णालयांच्या स्त्रीरोग ओपीडीत चौकशी कर. लेडी डॉक्टर हवी असं बिनधास्त सांग.