अडॅप्टर बदलला आणि तानपुरा मंद झाला

प्रश्न : ताई, नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली. रोज पहाटे मोबाईलवर तानपुरा लावून रियाज करतो. नव्या मोबाईलला हेडफोनचं भोकच नाही. आधी दीडशे रुपयांचा अडॅप्टर आणला, तो लावला की 'हे उपकरण चालणार नाही' असा संदेश येतो. मग मुलाने साडेचारशेचा आणून दिला. तो चालतो (त्याचं मॉडेल आणि माझ्या हेडफोनचं नाव सोबत लिहिलंय), पण तानपुरा मंद, रुमालाखाली झाकल्यासारखा वाटतो. जुन्या मोबाईलवर जवारी कशी मोकळी ऐकू यायची! दुकानदार म्हणतो, तीन हजारांचा घ्या. घेऊ का? की माझेच कान उतरले?

उत्तर : काका, कानांवर इतक्यात संशय घेऊ नका. माझं दुरुस्तीचं टेबल मिरजेत आहे आणि लहानपण सतारमेकरांच्या दुकानांत येण्याजाण्यात गेलं. घोडीवर तारेखाली सरकवलेला तो बारीक दोरा केसभर पुढेमागे झाला की तार एकदम बोलायला लागते किंवा मुकी होते, हे मी कित्येकदा पाहिलंय. तिथे मीटर नसतो, कानच असतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच कानांच्या जिवावर. म्हणून तुम्हाला तानपुरा मंद वाटतोय यावर माझा पूर्ण विश्वास आहे. प्रश्न फक्त कशामुळे, एवढाच.

आधी दीडशेवाल्याचं. तो बिघडलेला नाही. काही मोबाईल टाइप-सी भोकातून तयार आवाज बाहेर देतात, त्यांना नुसत्या तारा जोडलेला अडॅप्टर पुरतो. तुमचा मोबाईल फक्त आकडे बाहेर देतो. त्या आकड्यांचा आवाज करणारी चिप, म्हणजे डॅक, अडॅप्टरच्या पोटातच असावी लागते. दीडशेवाल्यात ती नाही. दुकानदाराने बदलून दिला तर बघा.

आता साडेचारशेचा. तुम्ही लिहिलेलं मॉडेल माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्यांत होतं, म्हणून मोजून पाहिलं. पूर्ण व्हॉल्यूमला ते अर्ध्या व्होल्टच्या आसपास देतं. भोक असलेला एक जुना मोबाईल शेजारी ठेवून मोजला, तो जवळजवळ एक व्होल्ट देत होता. निम्मा व्होल्ट म्हणजे 6 डेसिबल कमी. षड्जाच्या वर जे बारीक स्वर उमटतात, ज्यांच्यातून जवारी ऐकू येते, ते मुळातच कोवळे असतात. एकूण आवाज उतरला की हे स्वर पंख्याच्या घरघरीखाली बुडतात. मंद वाटण्याचं कारण बहुतेक तिथेच आहे. मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'साउंड इफेक्ट' नावाचं काही चालू असेल तर तेही बंद करा. नव्या मोबाईलवर ते पुष्कळदा आधीपासून चालू असतं आणि तानपुऱ्याची वाट लावतं.

पैसे घालण्याआधी एक प्रयोग करा. मुलाची मदत घ्या. जुन्या, टाकून दिलेल्या इअरफोनची वायर कापून तिच्या तारा मोकळ्या करा. या तारांवर वार्निश असतं, ते चाकूने खरवडल्याशिवाय मीटर काही दाखवत नाही. दोन भोकांचा जोड घ्या, एका भोकात तुमचा हेडफोन, दुसऱ्यात ही वायर. 100 हर्ट्झचा सलग सूर वाजवा आणि साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. उंच सुरावर स्वस्त मीटर चुकतात, म्हणून 100च घ्या. जुना मोबाईल आणि नवा अडॅप्टर यांचा आकडा शंभरात दोनच्या फरकाच्या आत येईपर्यंत जुन्याचा व्हॉल्यूम खाली आणा. मग डोळे मिटून बसा, तुम्हाला न सांगता मुलाला दहा वेळा अदलाबदल करू द्या आणि तुम्ही ओळखा. आवाज सारखा केला की बहुतेकांना फरक कळत नाही. तुम्हाला दहापैकी नऊदा कळला, तर मला जरूर लिहा, मला ते मनापासून हवंय.

खरा फरक पाडणारी एक गोष्ट मात्र आहे : अडॅप्टरचा आतला रोध. तोही याच मीटरने कळतो. हेडफोन काढून व्होल्ट मोजा. समजा 100 मिलिव्होल्ट आले. मग मीटर लावलेल्या त्याच दोन तारांमध्ये 33 ओहमचा रेझिस्टर जोडा. 97 राहिले तर आतला रोध सुमारे 1 ओहम. हेडफोनच्या रोधाच्या आठव्या भागापेक्षा तो कमी असावा, म्हणजे 32 ओहमच्या हेडफोनला 4च्या आत. एकाच कानात दोन-तीन ड्रायव्हर, म्हणजे बारीक स्पीकर, असलेल्या इअरफोनचा रोध सुरासुराला बदलतो, त्यांना जास्त रोधाचा अडॅप्टर जोडला की आवाजाचा रंगच बदलतो. तुमच्या हेडफोनला एकच ड्रायव्हर आहे, तुम्हाला ती भीती नाही.

तीन हजारांचा घेऊ नका, काका. तुमचा हेडफोन 32 ओहमचा, त्याला एक व्होल्ट म्हणजे सुमारे 31 मिलिवॉट मिळतात, ते घरात खूप झाले. 300 ओहमचा असता तर त्याच एक व्होल्टला जेमतेम 3 मिलिवॉट मिळाले असते आणि मी वेगळं सांगितलं असतं. एक व्होल्ट देणारा अडॅप्टर हजाराच्या आत मिळतो. मात्र दुकानातच लावून दोन गोष्टी ऐका. सगळं थांबवल्यावर कानात बारीक 'सूं' येतो का? आणि गप्प राहून पुन्हा सुरू केल्यावर टिक् होऊन सुरुवात गिळली जाते का? काही चिपा वीज वाचवायला झोपी जातात आणि उठायला वेळ लावतात. तुम्ही तबल्यासोबत गात असाल तर सम गेली म्हणजे सगळंच गेलं.

प्रश्न : ताई, मी तासगावहून. अडॅप्टर लावल्यावर गाण्यातला गायकच गायब होतो! वाद्यं ऐकू येतात, तीही लांबून. प्लग थोडा ओढला की आवाज परत येतो. चिप खराब झाली का?

उत्तर : नाही दादा, चिप ठीक आहे. प्लगची जमीन, म्हणजे दोन्ही कानांची सामाईक तार, नीट टेकत नाहीये. ती तुटली की दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना जोडले जातात आणि तुम्हाला डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. गायक मध्यभागी, दोन्हीकडे सारखा, म्हणून तोच नेमका पुसला जातो. दुसरा हेडफोन लावून बघा. तो नीट वाजला तर तुमच्या प्लगचीच तार सुटली आहे, नाहीतर अडॅप्टरच्या भोकातली पाती सैल झाली आहे. तार असेल तर पन्नास-शंभर रुपयांत जोडून मिळते. पाती सैल झालेला अडॅप्टर मी सहसा उघडत नाही, चिकटवलेलं कवच फुटल्याशिवाय निघत नाही.

प्रश्न : अडॅप्टरच्या डब्यावर 32 बिट, 768 किलोहर्ट्झ लिहिलंय. घ्यावा का? (विटा, विद्यार्थी)

उत्तर : त्या आकड्यासाठी घेऊ नकोस. सीडी 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झची असते आणि 16 बिटांत हळू आवाजापासून मोठ्यापर्यंत 96 डेसिबलचा पल्ला मावतो. शिवाय बरेचसे अँड्रॉइड मोबाईल साध्या ॲपमधला आवाज 48 किलोहर्ट्झवर बदलूनच पुढे पाठवतात. डबा बाजूला ठेव आणि अडॅप्टरची मान बघ. प्लगजवळ वायर वाकते तिथे लवचिक रबराची मान हवी. सरळ कडक काड्यांसारखे अडॅप्टर दिसायला देखणे असतात, पण खिशात मोबाईल वाकला की सगळा जोर मोबाईलच्या भोकावर येतो. आठ-दहा सेंटिमीटर मऊ वायर असलेलाच घे. धातूचं कवच चांगलं, पण मान कमजोर असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

प्रश्न : मार्केट यार्डात हमाल आहे. दिवसभर हळदीत काम. अडॅप्टर सारखा सुटतो, हलवला की पुन्हा चालतो. नवीन घेतला, तोही तसाच.

उत्तर : दादा, दोन्ही अडॅप्टर एकाच मोबाईलवर सुटतात, म्हणजे दोष मोबाईलच्या भोकात आहे. हळदीची भुकटी आणि खिशातला कापूस आत दाबला गेला की प्लग शेवटपर्यंत बसत नाही. मोबाईल बंद करा, लाकडी दातकोरण घ्या आणि मधल्या पातळ जिभेला न लागता कडेकडेने हळूच खरवडा. सुई किंवा पिन अजिबात नको. पाणी नको, तोंडाने फुंकरही नको, ओल आत जाते. प्लग 'टक' करून बसला की झालं. कामावर असताना मोबाईल भोक खाली करून खिशात ठेवू नका. साफ करूनही सुटला तर या मिरजेला, भिंगाखाली बघू.