स्केअरी म्हणजे 'भित्रा' पण? हो, डिक्शनरी बरोबर आहे

तुमची पोस्ट वाचून जुनी डोकेदुखी आठवली. जुन्या अमेरिकन गोष्टीतल्या घोड्याला स्केअरी (scary) म्हटलंय आणि डिक्शनरीत खाली कुठेतरी 'भित्रा' असाही अर्थ दिसतोय, ती छापायची चूक आहे का असं विचारलंय तुम्ही. नाही हो. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन डिक्शनरीत घाबरवणारा, चटकन घाबरणारा आणि घाबरलेला असे तिन्ही अर्थ आहेत.

उलट मुळाशी भित्रेपणाच आहे. स्केअर हे क्रियापद जुन्या नॉर्समधून आलं, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतून. तिथे स्किरा म्हणजे घाबरवणं किंवा टाळणं, आणि ते ज्या स्क्यार वरून आलं त्याचा अर्थ बुजरा! सुरुवातीचा 'स्क' पण तिकडचाच, जुन्या इंग्रजीत त्याचा 'श' झाला होता, म्हणून स्कर्ट आणि शर्ट हे एकाच मुळाचे दोन शब्द. स्केअरी मात्र स्केअरला वाय लावून इंग्रजीतच तयार झाला, 16 व्या शतकापासून सापडतो.

आता माझं रडगाणं. एका भाषांतर एजन्सीसाठी अशाच एका मजकुरात मी 'बुजरं घोडं' लिहिलं, तर त्यांच्या तपासनीसाने ते खोडून 'भीतिदायक घोडा' केलं, वर शेरा की अर्थ चुकलाय आणि पैसे कापले. अहो पुढच्याच ओळीत ते घोडं वाऱ्याने हललेलं पान बघून उधळतंय, कोणाला भीती दाखवणार ते? मी डिक्शनरीतली नोंद पाठवली, तर उत्तर आलं की आमच्या शब्दसूचीत एकच अर्थ मंजूर आहे. शब्दसूची शब्दांसाठी असते की शब्द सूचीसाठी, देव जाणे. पैसे गेलेच.

त्यामुळे माझं मत (मी भाषातज्ज्ञ वगैरे नाही, नुसता पोटापाण्यासाठी भाषांतरं करणारा): मजकूर जुना, अमेरिकन आणि बोलीतला असेल तर आधी कोण कोणाला घाबरतंय ते बघा, मगच शब्द निवडा. घोड्याला 'बुजरं' बिनधास्त लिहा, 'भित्रं' पेक्षा बरं, जनावर बुजतंच आपल्याकडे, आणि पाखरं बुजवायला शेतात बुजगावणं असतं, इंग्रजीतल्या स्केअरक्रो सारखंच. आजच्या मजकुरात मात्र बहुतेक वेळा 'भीतिदायक' चालेल, फक्त 'स्केअरी गुड' आलं तर घाबरू नका, ते आपलं 'भयंकर भारी'. आणि काम एजन्सीचं असेल तर शब्दसूची आधीच मागून घ्या, लेखी.